मागच्या सीटवरचे चार पाय

परवा सिग्नलला थांबलो होतो. भाऊ गाडी चालवत होता, मी शेजारी. आमची गाडी जरा उंच आहे त्यामुळे शेजारच्या लेनमधल्या गाडीचं मागचं सीट पूर्ण दिसत होतं. त्यावर एक मोठं, पिवळसर, झुपकेदार शेपटीचं कुत्रं उभं होतं, काच पूर्ण खाली, तोंड बाहेर, जीभ लोंबतेय, आणि शेजारी बसलेली छोटी मुलगी त्याच्या मानेभोवती हात टाकून कसलंतरी गाणं म्हणत होती. बघून कुणालाही बरंच वाटेल. मलाही वाटलं. मग सिग्नल सुटला, त्यांची गाडी जरा झटक्यात निघाली आणि माझी नजर नेमकी त्याच्या पायांकडे गेली. मागचे दोन्ही पाय एकदम फाकले, नखं सीटकव्हरवरून सरकत गेली, ते मागच्या मागे बसलं आणि लगेच धडपडत परत उठायला लागलं. जेमतेम उभं राहिलं तर पुढच्या कुणीतरी ब्रेक मारला म्हणून यांनीही मारला, आणि ते छातीने पुढच्या सीटच्या पाठीवर आदळलं. मुलगी हसली, त्याला कुरवाळलं. ते परत उठलं. पुढच्या वळणाला गाडी दिसेनाशी झाली.

झालं एवढंच. कुणाला काही लागलं नाही, आरडाओरडा नाही, काही नाही. पण ते फाकलेले पाय डोक्यातून जाईनात. रात्री झोपताना पण तेच. कारण त्या घरात त्या कुत्र्यावर माया आहे हे दिसत होतं हो, त्या मुलीच्या हातातच दिसत होतं, आणि तरीही ते कुत्रं पूर्ण प्रवासभर तोल सावरायचं काम करत होतं आणि ते काम गाडीतल्या एकालाही दिसत नव्हतं.

आपण गाडीत बसतो तेव्हा आपल्याला रस्ता दिसत असतो. वळण येतंय म्हटल्यावर अंग आपोआप थोडं कलतं, स्पीडब्रेकर दिसला की पोट आत घेतलं जातं, ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे चाललाय हे शेजारी बसलेल्याला आधीच कळतं. शिवाय पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा लावलेला, वर पकडायला हँडल. कुत्र्याकडे यातलं काहीही नसतं. त्याला पुढची सीट दिसते, बाजूने पळणारी झाडं दिसतात, आणि गाडी कधी वळणार, कधी थांबणार याचा पत्ता नसतो. प्रत्येक धक्का त्याला अंगावर आल्यावरच कळतो. चार पाय म्हणजे तोल चांगला असणार असं आपल्याला वाटतं, पण ते चार पाय मातीवर चालायला बनलेत, गुळगुळीत रेक्झिनवर नाही. घरातल्या फरशीवर पळताना कुत्रं कसं घसरतं बघितलंय ना, तीच फरशी ताशी साठच्या वेगाने वळणं घेतेय असं धरा.

आमची कुत्री झिपरी, ती आमच्याकडे आली ती मोठी होऊनच आली. आधीचं घर बदललेलं, त्या लोकांना नेता येत नव्हतं, म्हणून आमच्याकडे. तिला गाडीबद्दल काय काय आठवत होतं ते तिलाच माहीत, पण गाडीचं दार उघडलं की ती मागे सरायची. ओढून बसवली तर भुंकणं नाही, रडणं नाही, अगदी गप्प. आणि गप्प बसलेलं कुत्रं म्हणजे शहाणं कुत्रं असं सगळे म्हणतात, म्हणून मला डॉक्टरांचे आभार मानावेसे वाटतात, कारण त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की गप्प आहे म्हणून ठीक आहे असं समजू नका, तोंडाकडे बघा. मग मी बघायला लागले. ती ओठ चाटत होती, समोर खायला काही नसताना. जांभया देत होती, झोप आलेली नसताना. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची तार निघायची, ती छातीवरच्या केसांपर्यंत लोंबायची आणि गाडी वळली की तुटून सीटवर पडायची. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायचं. मांडीचा स्नायू बारीक बारीक थरथरत असायचा, हात ठेवल्याशिवाय कळायचंही नाही असा.

कुत्र्यालाही गाडी लागते.

हे वाक्य मी कितीतरी जणांना सांगितलंय आणि निम्मे लोक चकित होतात. कानाच्या आत जो तोल सांभाळणारा भाग असतो तो सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात समोरची सीट तर जागच्या जागी आहे, आणि या भांडणात पोट ढवळतं, जसं आपलं तसंच त्यांचं. पिल्लांना जास्त होतं कारण कानाचा तो भाग अजून पक्का झालेला नसतो, बरीच पिल्लं मोठी होता होता यातून सुटतात. पण काहींचं काय होतं, पोट ढवळणं थांबतं आणि भीती तशीच राहते, कारण तोवर डोक्यात गाडी म्हणजे मळमळ हे घट्ट बसलेलं असतं. म्हणून लहानपणीच्या उलट्यांकडे होईल सवय म्हणून दुर्लक्ष करू नये असं मला मनापासून वाटतं. निघण्याआधी काही तास पोट रिकामं ठेवायचं, पाणी मात्र बंद करायचं नाही. आणि तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांना विचारायचं. मॅरोपिटंट नावाचं औषध खास कुत्र्यांच्या उलट्यांसाठी आहे, ते निघायच्या किमान दोन तास आधी द्यावं लागतं, त्याने झोप येत नाही, मळमळ थांबते. किती द्यायचं ते डॉक्टरच वजन बघून ठरवतात. माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून देणं किंवा पडून राहील म्हणून गुंगीचं औषध देणं हे प्रकार घरच्या घरी करूच नयेत. गुंगीतल्या कुत्र्याचा आधीच नसलेला तोल आणखी जातो, अंगाचं तापमान सांभाळणं त्याला जड जातं, आणि भीती आत तशीच असते, ती दाखवायला फक्त शरीर उरत नाही.

झिपरीला आम्ही गाडीची सवय लावली ती गाडी न हलवता. हे ऐकायला कंटाळवाणं आहे आणि करायलाही आहे. गाडी उभी, इंजिन बंद, सगळी दारं उघडी, मी मागच्या सीटवर पुस्तक घेऊन बसलेली, सीटवर तिची रोजची सतरंजी आणि त्यावर तिचा खाऊ. यायचं तर ये, नाहीतर नको. आधी ती पुढचे दोन पाय आत ठेवून मान लांब करून खाऊ उचलायची आणि मागच्या मागे पळायची. मग एकदा चारही पाय आले. मग दार लावलं, लगेच उघडलं. मग इंजिन सुरू केलं, गाडी हलवली नाही. मग कोपऱ्यापर्यंत आणि परत. भाऊ म्हणायचा, "अगं, एवढ्यात आपण कुठच्या कुठे पोचलो असतो." पण गाडी तोच चालवायचा आणि कधी चिडला नाही, हे सांगायलाच हवं. शिवाय आम्ही ठरवून टाकलं होतं की गाडीतून फक्त दवाखान्यात न्यायचं नाही. दर वेळी प्रवासाच्या शेवटी सुई असेल तर कोण चढेल हो गाडीत आनंदाने? कधी मैदान, कधी नुसतीच एखादी ओळखीची गवताची पट्टी, हुंगून झालं की परत.

यात मला एक खूण सापडली, ती सांगते कारण ती मला सगळ्यात उपयोगी पडली. कुत्रं बसलं म्हणजे ते निवांत झालं असं नाही. दोन्ही कोपरं समोर टेकवून, मागचे पाय अंगाखाली घेऊन, मान वर ठेवून ते बसलेलं असेल तर ते अजून तयारीत आहे, कधीही उठेल. ज्या क्षणी ते कमरेतून एका बाजूला कलतं, एक मांडी खाली आणि दुसरी बाहेर पडते, त्या क्षणी त्याने अंगाचा भार सीटवर सोडलेला असतो. झिपरीने तो भार सोडला तेव्हा आम्ही एका लांब सरळ रस्त्यावर होतो. मी मागे बघितलं तर ती कमरेवर कलंडलेली, हनुवटी सीटच्या कडेला, आणि तोंड कोरडं होतं. लाळ नाही. मी भावाला काही बोलले नाही, नुसतं खुणेने मागे बघ म्हटलं, आरशात.

आता पट्ट्याचं. यावर आमच्या घरात खरे वाद झालेत. आमचे काका एकदा बरोबर होते, त्यांनी मागे वळून बघितलं तर झिपरी हार्नेसमध्ये, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजात, आणि हार्नेसचा आखूड पट्टा सीटबेल्टच्या बकलमध्ये. "बांधून कशाला ठेवलीय गं बिचारीला, मोकळी सोड की, बघू दे जरा बाहेर." काकांचा कुत्र्यांवर जीव आहे, आयुष्यभर त्यांनी कुत्री पाळलीत, त्यामुळे त्यांना उलट उत्तर द्यायला जीभ रेटत नाही. मी म्हटलं, "काका, मोकळी सोडली तर ती बाहेर बघणार नाही, ती तोल सांभाळत बसेल." ते काही बोलले नाहीत. पुढचा अख्खा रस्ता ती झोपली, त्यांनी मधूनमधून वळून बघितलं, आणि उतरताना स्वतःच तिचं बकल सोडवलं. आधी तिचा फिरायला न्यायचा पट्टा हातात घेऊन.

मला वाटतं माया म्हणजे मोकळं सोडणं हे आपल्या मनात इतकं खोल बसलंय की गाडीतही आपण तोच न्याय लावतो. घरात, अंगणात, मैदानात सोडा ना मोकळं, सोडायलाच हवं. पण गाडी ही जागा त्याच्या अंगाला कळतच नाही. तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी असणं हीच सोय आहे. सुरक्षितता आणि आराम असे दोन वेगळे विषय करून लोक बोलतात, म्हणजे पट्टा सुरक्षिततेसाठी आणि उशी आरामासाठी, पण कुत्र्याच्या बाबतीत माझ्या अनुभवात तरी ते एकच निघाले. ज्याला पाय रोवून उभं राहावं लागत नाही तेच कुत्रं झोपतं, आणि ज्या कुत्र्याला ब्रेकच्या वेळी कुणीतरी धरलेलं असतं त्याला पाय रोवून उभं राहावं लागत नाही.

आणि धडक झाली तर काय, हा हिशोब एकदा तरी करून बघावा. ताशी ५० किलोमीटर हा काही फार वेग नाही, गावातलाच वेग. त्या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली तर आतली मोकळी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते, आणि तो वेग म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीवरून खाली पडताना जमिनीला टेकताना जेवढा असतो तेवढा. तिसऱ्या मजल्याच्या आसपास. वीस किलोचं कुत्रं त्या वेगाने पुढच्या सीटवर, काचेवर किंवा पुढे बसलेल्याच्या मानेवर जाऊन आपटतं. मांडीवर घेतलेलं छोटं कुत्रं हाताने धरून ठेवू असं ज्यांना वाटतं त्यांनीही हाच हिशोब करावा, तेवढी ताकद कुणाच्याच हातात नसते. ड्रायव्हरच्या मांडीवर तर नकोच नको, पुढच्या सीटवरही नको, कारण एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात उघडते आणि ती माणसाच्या उंचीचा हिशोब धरून बनवलेली असते, समोर बसलेल्या छोट्या जीवाचा नाही.

माणसांसाठीचा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोहलिन या इंजिनिअरने १९५९ साली आणला, आणि कंपनीने तो बाकी सगळ्यांनाही वापरू दिला. कुत्र्यांच्या पट्ट्यांची नीट परीक्षा व्हायला त्यानंतर अर्धं शतक जावं लागलं. अमेरिकेत लिंडसे वोल्को नावाच्या बाईंचं कुत्रं जोराच्या ब्रेकमध्ये जखमी झालं, अंगात सेफ्टी हार्नेस असूनही. त्यातून त्यांनी २०११ मध्ये सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची संस्था उभी केली. कुत्र्याच्या वजनाचे पुतळे बनवून, खऱ्या धडकेसारखा झटका देऊन त्या लोकांनी बाजारातली हार्नेस तपासली, २०१३ साली सुबारू कंपनीच्या मदतीने मोठी चाचणी केली, आणि त्यात बहुतेक हार्नेस टिकली नाहीत. कुठे शिवण उसवली, कुठे बकल तुटलं. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की पाकिटावर सेफ्टी लिहिलेलं असणं आणि धडकेत तपासलेलं असणं यात फार अंतर आहे. फिरायला न्यायचं हार्नेस वेगळं. गाडीचं हार्नेस छातीवर रुंद असतं, आतून जाड असतं, सीटबेल्टचा पट्टाच त्यातून ओवता येतो किंवा आखूड दुव्याने अडकतो. इतका आखूड की कुत्र्याला बसता येईल, आडवं होता येईल, पण सीटवरून खाली लोंबकळता येणार नाही. गळ्यातल्या पट्ट्याला सीटबेल्ट कधीच अडकवायचा नाही, सगळा झटका मानेवर येतो.

पेटीत बसणारी कुत्री असतील तर पेटी उत्तमच, बऱ्याच कुत्र्यांना ती आवडते, अंधारं, आटोपशीर, तिन्ही बाजूंना टेकायला. आत उभं राहता यावं, वळता यावं, आडवं होता यावं, बस. त्याहून मोठी घेतली तर आतच इकडून तिकडे घसरतं. आणि पेटी स्वतःही बांधलेली हवी, नाहीतर कुत्र्यासकट पेटी उडते. छोटी पेटी पुढच्या सीटच्या मागे, खाली पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसते, ती जागा चांगली. अगदी मागच्या दाराला चिकटून मात्र ठेवू नये, मागून कुणी धडकलं तर गाडीचा तोच भाग चेपण्यासाठी बनवलेला असतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये ५७ नंबरचा नियमच आहे की गाडीतलं कुत्रं नीट जखडलेलं हवं, ड्रायव्हरचं लक्ष जाणार नाही आणि एकदम थांबावं लागलं तर कुणाला इजा होणार नाही असं. जर्मनीत वाहतुकीच्या नियमांच्या दृष्टीने गाडीतलं जनावर म्हणजे माल, आणि माल घट्ट बांधायचाच असतो. माल हा शब्द वाचताना आतून कसंतरी होतं मला, पण त्या नियमामुळे तिथलं कुत्रं बांधलं जात असेल तर शब्दावरून मी भांडणार नाही.

खिडकीतून तोंड बाहेर काढलेलं कुत्रं बघायला मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. वाऱ्याने मागे गेलेले कान, मिटलेले डोळे. त्याच्या नाकासाठी तो केवढा मोठा मेवा असेल. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन या डॉक्टरने सिवॉल क्रॉकर या जोडीदाराबरोबर सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यूयॉर्कपर्यंत गाडी नेली, अमेरिका आरपार गाडीने पार करण्याची ती पहिलीच वेळ, ६३ दिवस लागले. वाटेत आयडाहोमध्ये त्यांनी बड नावाचं एक बुलडॉग जातीचं कुत्रं बरोबर घेतलं. गाडीला ना टप ना काच. धुळीने त्याचे डोळे लाल व्हायला लागले म्हणून त्यालाही ड्रायव्हरसारखाच गॉगल घातला, आणि तो गॉगल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलाय. त्या प्रवासाच्या हकिकतीत असंही येतं की बड पुढे बसून रस्ता बघत राहायचा आणि धक्का येणार दिसला की आधीच अंग सावरून घ्यायचा. हे वाचलं तेव्हा मी थांबलेच. बडला रस्ता दिसत होता. मागच्या सीटवरच्या आपल्या कुत्र्यांना तेवढंही मिळत नाही. आणि त्याच्या वेळच्या त्या गाडीचा वेग तरी केवढा होता. आजच्या रस्त्यावर उडालेला खडा, कचकन डोळ्यात गेलेला किडा, शेजारून घासून जाणारी मोटरसायकल, आणि काचेच्या बटणावर त्याचाच पाय पडून मानेखालून वर येणारी काच, हे सगळं आठवलं की मी चार बोटं काच खाली ठेवते आणि मागच्या काचांचं लॉक लावून टाकते. नाकाला वारा मिळतो. तेवढं पुरतं.

उन्हाचं मात्र फार गंभीरपणे सांगायचंय. पाचच मिनिटात येते म्हणून गाडीत कुत्रं ठेवून जाणारे लोक दिसले की माझे हात थरथरतात. २००५ साली अमेरिकेत उन्हात गाड्या उभ्या करून मोजमाप केलं होतं, बाहेर फक्त २२ अंश सेल्सिअस असताना तासाभरात आत ४७ अंशांपर्यंत गेलं. २२ अंश म्हणजे आपण ज्याला छान हवा म्हणतो ती. आणि त्या चाचण्यांत चढायचं त्यातलं ८० टक्के तापमान पहिल्या अर्ध्या तासातच चढलं. काच थोडी उघडी ठेवूनही जवळपास काही फरक पडला नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास, घाम फक्त पंजांच्या गादीला आणि तोही नावापुरता, बाकी सगळी भिस्त धापेवर. आसपासची हवाच तापली की धाप टाकूनही आतलं बाहेर जात नाही. ४१च्या वर अंग गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर त्याहून आधीच त्रास होतो. सावलीत लावलीय म्हणता तर सावली सरकते. त्यामुळे आमच्याकडे नियम सोपा आहे, झिपरी उतरणार नसेल तर एक माणूस तिच्याबरोबर गाडीत थांबणार, एसी चालू. दोघांपैकी कुणाला काय घ्यायचंय त्याचं नंतर बघू.

बाकी बारीकसारीक बरंच आहे. एसीच्या जाळीवर अडकवलेला गाडीचा सेंट आम्ही काढून टाकला, आपल्यालाच तो पहिली दहा मिनिटं डोक्यात जातो, तिच्या नाकाचं काय होत असेल. वासाचा उलटाही उपयोग होतो म्हणे, बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत डेबोरा वेल्स यांनी २००६ मध्ये गाडीत उड्या मारणाऱ्या कुत्र्यांवर अभ्यास केला होता, गाडीच्या हवेत लॅव्हेंडरचा वास असला तर ती जास्त वेळ बसून किंवा पडून राहिली आणि कमी ओरडली. आम्ही मात्र तिची रोजची, न धुतलेली सतरंजी वापरतो, तिचा स्वतःचा वास. सतरंजीच्या खाली रबराची चटई, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट, नखांना पकड मिळते. सीटवर पर्स ठेवायची नाही, विशेषतः आत बिनसाखरेचं च्युइंगम असेल तर, त्यातल्या झायलिटॉलने, म्हणजे साखरेऐवजी घातलेल्या गोड पदार्थाने, कुत्र्याची रक्तातली साखर एकदम खाली जाते. पार्किंगमध्ये दुसऱ्या गाड्यांखाली हिरवट पाणी साचलेलं असेल तिथून तिला लांब न्यायचं, इंजिनच्या कूलंटमधलं रसायन चवीला गोड आणि किडनीला विषारी असतं. दोनेक तासांनी थांबायचं, आणि थांबलं की नुसतं पाणी दाखवून परत बसवायचं नाही, तिला तिच्या गतीने हुंगू द्यायचं. त्या हुंगण्यातच ती सैल होते. उन्हाळ्यात उतरवण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघायची, सात सेकंद ठेववत नसेल तर तिचे पंजेही भाजतील.

आणि दार.

घडतात त्यातल्या कितीतरी वाईट गोष्टी गाडी उभी असतानाच घडतात. लांबचा प्रवास, अनोळखी जागा, कुणीतरी दार उघडतं आणि कुत्रं सरळ रस्त्यावर. छोट्याशा अपघातानंतर तर हमखास, मदतीला धावलेला माणूस भाबडेपणाने दार उघडतो आणि घाबरलेलं कुत्रं गाड्यांमधून पळत सुटतं. म्हणून आधी फिरायला न्यायचा पट्टा हातात, मग बकल, मग दार. हाच क्रम, कितीही घाई असली तरी. झिपरीला थांब म्हटलं की दार उघडं असूनही ती थांबते, पुढचे पाय सीटच्या कडेवर, नाकपुड्या हलतायत, अंगभर उतरायची घाई, पण थांबते. ये म्हटल्यावरच उडी. हरवलंच तर कुणाचं ते कळावं म्हणून कातडीखाली मायक्रोचिप आहेच, पंधरा आकडी नंबरवाली, पण चिप वाचायला यंत्र लागतं आणि नंबरापुढे जुनाच फोन लिहिलेला असेल तर काय उपयोग, त्यामुळे गळ्यातल्या बिल्ल्यावर चालू फोन नंबर कोरलेला.

एवढं सगळं जमवून आणलं तरी एक गोष्ट कुठल्याही दुकानात मिळत नाही, ती म्हणजे चालवणं. ब्रेक आधीपासून, हळूहळू दाबत आणायचा. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. क्लच सोडताना गाडीने उचकी देता कामा नये. माझा भाऊ आता असा चालवतो की मागे बसलेल्या आईची पण मान हलत नाही, आईनेच एकदा हे बोलून दाखवलं. मागे कुणीतरी आहे ज्याला रस्ता दिसत नाही, हे ड्रायव्हरच्या पायाला माहीत असलं पाहिजे.

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला, पिल्लू आणायला जायचंय, दोन-अडीच तासांचा रस्ता आहे, काय काय घेऊ. आवाजातच इतका आनंद होता त्याच्या. मी म्हटलं, सकाळी ऊन चढायच्या आत नीघ. त्यांना आधीच सांगून ठेव, निघायच्या आधी त्याचं पोट भरू नका म्हणावं, पण किती वेळ उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचार, इतकी लहान पिल्लं फार वेळ उपाशी राहू शकत नाहीत. त्याची आई ज्या फडक्यावर झोपते त्यातला एक तुकडा मागून घे, पेटीत घाल. जुने टॉवेल भरपूर ने, उलटी होणार हे धरूनच चल, आणि झाली तर ओरडू नका, नुसतं पुसा. वाटेत कुठे नातेवाइकांना दाखवायला थांबू नकोस, सगळी लसीकरणं व्हायचीत त्याची, दुसऱ्या कुत्र्यांच्या जागी खाली सोडू नकोस. सरळ घरी. तो सगळं लिहून घेत होता, मधेच म्हणाला, "ताई, आणि मी मांडीवर घेऊन चालवलं तर? हळूच चालवीन अगदी." मी म्हटलं, "मांडीवर नाही. पेटीत, पेटी पुढच्या सीटच्या मागे खाली, आणि तू मागच्या सीटवर, पेटीच्या जाळीत बोट घालून बस. गाडी वहिनीला चालवू दे. तिचा ब्रेक तुझ्यापेक्षा मऊ आहे."